तालमीतील पहिला दिवस

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय, इतिहास, शेती, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर पुष्कळ ऐकलेले असते. तेथे लंगोट आणि लाल माती हा विषय घेऊन उभे राहताना बोलणाऱ्याला थोडा संकोच वाटणे साहजिक आहे. मी स्वतः पैलवान नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. माझे आयुष्य खडू आणि फळा यांच्या सहवासात गेले. मग हा विषय मी का घेतला, असे आपण विचाराल. त्याचे कारण माझी बारा वर्षांची नात.

गेल्या हिवाळ्यात एके संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, मला कुस्ती शिकायला जायचंय. पण पहिल्या दिवशी तिथं काय करायला लावतात, ते सांगा. मला पाडतील का?" प्रश्न साधा होता; परंतु मला त्याचे उत्तर चटकन देता येईना. कारण हाच प्रश्न मला तेराव्या वर्षी पडला होता, आणि त्या वेळी तो मी कुणालाच विचारला नव्हता. न विचारल्याचे फळही मला मिळाले. ते पुढे सांगेन.

आपल्या भागाला या विद्येचे वावडे कधीच नव्हते. निलंग्यापासून फार दूर नसलेले बसवकल्याण म्हणजे पूर्वीचे कल्याणी, चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लविनोद म्हणून एक स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांचे वय, अंगलोट आणि बळ पाहून त्यांचे वर्ग कसे पाडावेत, त्यांनी व्यायाम कोणता करावा, राजाने त्यांना कडधान्य, मांस, दूध, साखर कशी पुरवावी, हे सर्व त्यात आहे. तात्पर्य, आपल्या शेजारच्या राजाला जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी एक गोष्ट कळली होती: सर्वांना एकाच मापाने मोजू नये. नवख्याचे माप वेगळे, मुरलेल्याचे वेगळे.

या विद्येची भाषाही पाहण्याजोगी आहे. मल्ल हा शब्द संस्कृत. परंतु तालीम हा शब्द अरबी. त्याचा अर्थच शिक्षण. वस्ताद म्हणजे उस्ताद, शिकविणारा. पैलवान आणि कुस्ती हे शब्द फारसीतून आले. तालमीच्या कोनाड्यात मारुतिराय असतात आणि बोलण्यात उस्तादांची भाषा असते. आपल्या मराठवाड्यात तर एकाच हौद्यात सर्व जातिधर्मांची मुले एकमेकांच्या अंगाला माती लावीत आली. अंगावर लंगोटाखेरीज काही उरले नाही, की कोण कुणाचा हे ओळखणे कठीण होते!

आणि दूर कशाला जावे? आपल्याच तालुक्यातील रामलिंग मुदगड हे गाव हरिश्चंद्र बिराजदारांचे. १९६९ साली ते महाराष्ट्र केसरी झाले, १९७२ साली रुस्तुम-ए-हिंद झाले. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मुले घडविली. सारे त्यांना मामा म्हणत. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखाली वाढला आणि २०१८ साली ऑस्ट्रेलियात राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक घेऊन आला. २०१९ साली त्याने जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. मामा ते पाहायला राहिले नाहीत. २०११ साली ते गेले. परंतु पाटोद्याचे ते लेकरूही एके दिवशी पहिल्यांदाच तालमीचा उंबरा ओलांडून आत आले असेल, आणि त्याच्याही पोटात गोळा आला असेल.

आता माझी हकीकत. बिराजदारांचे नाव घरोघर झाले होते, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. मी तेरा वर्षांचा, अंगाने काडी. गाव कोणते, तालीम कोणती, हे सांगण्याचे कारण नाही. तेथली माणसे वाईट नव्हती. मी गेलो त्या दिवशी वस्ताद परगावी गेले होते. एका थोराड पोराने मला विचारले, "काय रे, पैलवान व्हायचंय का? मग मार तीनशे बैठका. बसलास तर घरी जायचं." मी मारल्या. तीनशे झाल्या नाहीत. दोनशेच्या आसपास पाय लटपटून मी मातीत बसलो, आणि सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मला ओट्याची पायरी उतरता येईना. तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली. आईने घाबरून दवाखान्यात नेले. आठवडाभर मी अंथरुणावर होतो. बरा झालो, परंतु तालमीच्या वाटेने पुन्हा गेलो नाही. शरीर आठ दिवसांत सुधारले, हसण्याचा आवाज मात्र कानातून वर्षानुवर्षे गेला नाही.

त्या काळ्या लघवीचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला, तो आधी सांगतो. कारण तो कळला तर आजच्या भाषणाचे सार्थक झाले, असे मी समजेन. सवय नसलेल्या शरीराकडून एकाच वेळी अतोनात बैठका काढून घेतल्या, तर मांड्यांचे स्नायू नुसते दुखत नाहीत. त्यांच्या पेशी फुटतात. त्यांतील रंगद्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांत जाऊन साचते. उन्हाळा असेल, पाणी कमी प्यालेले असेल, तर मूत्रपिंडे बंद पडण्यापर्यंत पाळी येऊ शकते. आपल्याकडच्या वैशाखात तर हा धोका अधिकच. म्हणून आईबापांनी एवढे लक्षात ठेवावे: व्यायामानंतर अंग दुखणे स्वाभाविक आहे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते सर्वांत अधिक दुखते आणि मग उतरते. परंतु लघवी गडद तपकिरी झाली, मांड्या सुजून दगडासारख्या झाल्या, तर हळद-दुधावर भागवू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

हे सांगून मी कुणाला भिववीत नाही. उलट, पहिला दिवस नीट कसा जातो हे ठाऊक असले, तर असले प्रकार होण्याचे कारणच नाही. तेव्हा आपण आता तालमीत जाऊ.

तालमीची वेळ पहाटेची आणि संध्याकाळची. जाण्यापूर्वी दोन-तीन तास भरपेट जेवू नये. हातापायांची नखे कापलेली असावीत. कारण नख स्वतःला नव्हे, जोडीदाराला लागते. अंगठी, कडे, साखळी, गळ्यातला दोरा घरी ठेवावा. अंगावर गजकर्ण, फोड किंवा उघडी जखम असेल तर ती बरी होईपर्यंत मातीत उतरू नये. एकाच्या अंगावरचे गजकर्ण पंधरा दिवसांत सगळ्या तालमीच्या अंगावर दिसते. लाज वाटून ते लपविणारा मुलगा स्वतःचे नव्हे, दहा घरांचे नुकसान करतो.

उंबऱ्याशी जोडा काढायचा. आत मारुतीला नमस्कार, वस्तादांना नमस्कार, आणि हौद्यात उतरण्यापूर्वी मातीला हात लावून तो कपाळी लावायचा. यात गूढ असे काही नाही. जिच्यावर पडायचे तिची आधी ओळख करून घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो. ज्याच्या घरचा देव वेगळा असेल त्याने नुसता मातीला हात लावला तरी चालते. माती कुणाला नाव विचारत नाही.

मग लंगोट. शहरी मुलाला पहिली अडचण येथेच येते. लंगोट बांधणे ही एक कला आहे आणि पहिल्या दिवशी ती कुणालाच येत नाही. दुसरा कुणी तरी बांधून देतो. त्याचा उपयोग लज्जारक्षणापुरता नाही. नाजूक भागाला आधार मिळतो, कमर आवळली जाते आणि सैल कपड्यात बोटे अडकून मोडण्याचा प्रश्न उरत नाही. गादीवरच्या कुस्तीत याच कारणासाठी अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालतात.

यानंतर नवख्याच्या हाती डाव येत नाही, फावडे येते! माती खणायची. पुष्कळ मुलांना येथे वाटते, की आपल्याला गडी म्हणून राबवून घेत आहेत. तसे नाही. रात्रभर निजलेली माती घट्ट होते. तिच्यावर पडणे म्हणजे ओसरीवर पडणे. ती रोज खणून भुसभुशीत केली, तरच ती पडणाऱ्याला झेलते. शिवाय खांदे, पाठ, पकड यांना तिच्याइतका चांगला व्यायाम नाही. आपण ज्या मातीवर दुसऱ्याला पाडणार, ती आपल्या हाताने मऊ करायची, हा या विद्येचा पहिला पाठ.

येथे मातीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आपण काळ्या मातीतली माणसे. आपली रेगूर ज्वारीला, हरभऱ्याला, तुरीला सोन्यासारखी. परंतु कुस्तीला निरुपयोगी. ओली झाली की ती चिकटते आणि फुगते; सुकली की तिला भेगा पडतात आणि ढेकूळ दगडासारखे लागते. म्हणून तालमीला तांबडी माती लागते. ती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालतात. तेलाने धूळ उडत नाही आणि ओलावा टिकतो. बाकीच्या जिनसांनी माती कुबट होत नाही, असा जुन्या लोकांचा अनुभव. परंतु कितीही हळद घातली तरी अंघोळीची गरज टळत नाही, हेही तितकेच खरे.

माती झाली की जोर आणि बैठका. जोर म्हणजे हात-पाय टेकून छाती जमिनीलगत नेत वर काढणे; बैठक म्हणजे ऊठबस. दोन्ही एकत्र केले की त्याला सपाट्या म्हणतात. मुरलेला पैलवान ते हजारांनी मारतो. नवख्याने किती मारावे? माझे मत विचाराल तर पहिल्या दिवशी दहा जोर आणि वीस बैठका पुष्कळ झाल्या; त्याही दोन-तीन हप्त्यांत, मध्ये दम घेत. पहिले पंधरा दिवस घरी जाताना अंगात थोडी शक्ती शिल्लक राहिली पाहिजे. ज्वारी एका रात्रीत पोटरीवर येत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळे समजावून द्यावे लागू नये.

पुढचा पाठ पडण्याचा. माझ्या नातीचा प्रश्न होता, "मला पाडतील का?" याचे प्रामाणिक उत्तर, होय. परंतु चांगला वस्ताद पाडण्याआधी पडायला शिकवितो. पडताना हनुवटी छातीशी लावायची, म्हणजे डोके आपटत नाही. हात जमिनीवर ताठ टेकायचा नाही. कारण सबंध अंगाचा भार मनगटावर आणि कोपरावर येतो आणि हाड तेथेच मोडते. अंग गोल करून भार पाठीच्या, खांद्याच्या रुंद भागावर वाटून द्यायचा. त्याबरोबर मानेचा व्यायाम: पाठीवर निजून टाचा आणि डोके यांच्या आधाराने अंग कमानीसारखे उचलणे. कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला टेकले की माणूस चितपट. ती कमान हा त्यापासून वाचण्याचा शेवटचा उपाय. परंतु नवख्याने ती हाताचा आधार घेऊन, हळूहळूच करावी. मान हा काही चेष्टेचा अवयव नाही.

आता लढत. जोडीदार चिमूटभर माती आपल्या हातावर टाकतो, आपण त्याच्या, हीच सलामी. माती अंगाला चोळल्याने घाम टिपला जातो आणि पकड बसते. मग खडाखडी सुरू होते: एक हात मानेवर, एक दंडावर, कपाळाला कपाळ, आणि एकमेकांच्या बळाचा अंदाज. येथे नवखा तीन चुका हमखास करतो. पहिली, तो श्वास रोखून धरतो. अर्ध्या मिनिटात त्याची छाती भरून येते आणि त्याला वाटते, आपल्यात दमच नाही. दम असतो, तो सोडायचा विसरलेला असतो. दुसरी, तो सगळे अंग लाकडासारखे ताठ करतो. ताठ झाड उपटणे सोपे. तिसरी, तो फक्त हातांनी लढतो. कुस्ती पायांची आणि कमरेची आहे. म्हणूनच बारीक अंगाचा परंतु तीन वर्षे मुरलेला मुलगा, आडदांड नवख्याला दहा वेळा सहज पाडतो. त्यात नवख्याचा अपमान नाही. तो पाडणारा मुलगा तीन वर्षांपूर्वी दहा वेळा पडत होता, एवढाच हिशेब आहे.

डावांची नावे कानावर पडतील: पट, ढाक, मोळी, घिस्सा, कलाजंग, धोबीपछाड. पहिल्या दिवशी ती पाठ करू नयेत. एक डाव, तोही उलगडून, सावकाश, दहा वेळा केला तरी पुरे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ढाकेसाठी प्रसिद्ध होते. अनेक डाव जाणणाऱ्यांपेक्षा एक डाव खरोखर येणारा भारी ठरतो.

खाशाबांचे नाव निघाले म्हणून सांगतो. पहिला दिवस हा काही लहान मुलांनाच येतो असे नाही. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला ते गेले तेव्हा त्यांचे वय बावीस. लाल मातीत नाव कमावलेले. परंतु तेथे माती नव्हती, गादी होती. नियम निराळे, गुणांची मोजणी निराळी. एवढ्या मोठ्या पैलवानालाही तेथे नव्याने उभे राहावे लागले. त्यांना सहावा क्रमांक मिळाला. ते घरी येऊन बसले नाहीत. चार वर्षे तयारी केली आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक.

आता मोठ्या शहरांतून कुस्तीची एक परदेशी भावंड शिकविली जाऊ लागली आहे. तिच्याविषयी तरुण मंडळी पुष्कळ विचारतात. तिचे नाव ब्राझिलियन जिउ-जित्सू. जपानात जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्यूदोची शाळा काढली. त्या शाळेतील मित्सुयो माएदा हे फिरत फिरत १९१४ साली ब्राझीलला पोचले. त्यांच्याकडे ग्रेसी घराण्यातील कार्लोस हा मुलगा शिकला. त्याने व त्याचा भाऊ एलिओ याने त्या विद्येला आपले वळण दिले. आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती संपते. त्यांच्याकडे पाठ टेकली की खरी सुरुवात होते! पाठीवर पडलेल्या माणसाने वरच्याला पायांत कसे अडकवावे, त्याचा सांधा कसा मुरगाळावा, गळा कसा आवळावा, हे त्यांचे शास्त्र. तेथेही पहिल्या दिवशी जाड सुती अंगरखा, पांढरा पट्टा, गुरूला वंदन, पडण्याचा सराव, जमिनीवर कमर सरकवून निसटण्याचा व्यायाम आणि एखादा डाव, एवढेच असते. पांढऱ्यानंतर निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा अशी पट्ट्यांची चढण. काळ्या पट्ट्याला बहुधा दहा वर्षे लागतात.

त्या विद्येतील एक रीत मात्र आपण सर्वांनी उचलण्यासारखी आहे. सांधा ताणला जाऊ लागला, गळा आवळला, की खालचा माणूस जोडीदाराच्या अंगावर हाताने दोन थापा मारतो. थाप पडताच वरच्याने त्याच क्षणी सोडायचे. यात तडजोड नाही. आणि थाप मारणाऱ्याला कुणी भित्रा म्हणत नाही. तो हसून उठतो आणि पुन्हा सुरुवात करतो. पहिल्या दिवशी तेथे सर्वांत आधी हीच थाप शिकवितात. १९५१ साली जपानचा किमुरा रिओ शहरात एलिओ ग्रेसीशी लढला आणि हात पिरगाळून त्याने एलिओला हरविले. पुढे हरलेल्या घराण्यानेच त्या डावाला किमुरा हे नाव दिले. ज्याने आपल्याला हरविले त्याचे नाव जपून ठेवणे, याला मी मोठे मन म्हणतो. माझ्या तेराव्या वर्षी 'आता पुरे' म्हणायची अशी एक थाप मला कुणी शिकविली असती, तर दोनशे बैठकांपर्यंत मी गेलोच नसतो.

असो. लढत संपली की अंग एकदम गार होऊ देऊ नये. माती चोळून, हिंडून, श्वास खाली बसू द्यावा. पाणी घोट घोट प्यावे. घरी गेल्याबरोबर साबण लावून अंघोळ करावी. लंगोट रोज धुऊन उन्हात वाळवावा. कानाविषयीही सांगून ठेवतो. घासून घासून कान सुजतो, आत रक्त साकळते. एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडून ते काढून घेतले नाही, तर तो कान कायमचा कडक आणि वेडावाकडा होतो. मोडलेला कान ही पैलवानाची निशाणी म्हणून मिरविण्याची रीत आहे. ज्याला मिरवायची नसेल त्याने वेळीच डॉक्टरकडे जावे.

खुराकाची भीती पुष्कळ बापांना असते. बदाम, तूप, रतिबाचे दोन-दोन शेर दूध आपल्याला कसे परवडावे? सोमेश्वर राजा मल्लांना खुराक पुरवीत होता. आज तो बापाच्या खिशातून येतो, हे खरेच आहे. मोठ्या स्पर्धेच्या पैलवानाचा खर्च सामान्य घराला झेपत नाही आणि कित्येक गुणी मुले तेथेच थांबतात. परंतु शिकाऊ मुलाला तसला खुराक लागतही नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मोडाची कडधान्ये, मूठभर शेंगदाणे, एक पेला दूध, ज्याला चालते त्याला अंडे, एवढ्यावर पहिली दोन वर्षे उत्तम निघतात. जो कुणी पहिल्या महिन्यात मुलाच्या हातात भुकटीचा डबा किंवा सुई देऊ करील, त्याच्यापासून मात्र मूल दूर ठेवावे. शरीर लवकर फुगविणाऱ्या औषधांनी यकृत आणि हृदय बिघडते, आणि तपासणीत सापडले तर नावही जाते.

मुलींचे काय, असा प्रश्न सभेतल्या माताभगिनींच्या मनात असेल. स्त्रियांची कुस्ती २००४ साली ऑलिंपिकमध्ये आली. २०१६ साली साक्षी मलिकने तीत भारताला कांस्यपदक मिळवून दिले. २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. तेव्हा मुलींनी कुस्ती खेळावी की नाही, हा वाद आता उरलेला नाही. प्रश्न एवढाच, की आपल्या गावात त्यांना शिकण्याची सोय आहे काय. कपडे बदलायला बंद खोली, सरावाला मुलीच जोडीदार, आणि आईबापांना केव्हाही येऊन बसण्याची मोकळीक आहे काय. हे विचारण्यात संकोच करू नये. जेथे आईबापांनी बसलेले खपत नाही, तेथे मुलगी पाठवू नये; आणि मुलगाही.

शेवटी, तालीम चांगली की वाईट हे पहिल्याच दिवशी कसे ओळखावे? भिंतीवरच्या ढाली आणि तसबिरी पाहून नव्हे. चार गोष्टी पाहाव्यात. माती खणलेली आहे का? वस्ताद स्वतः हजर आहेत का? एखाद्याला लागले तर त्याला बाजूला बसवितात, की 'ऊठ, काही होत नाही' म्हणतात? आणि सर्वांत महत्त्वाचे, तालमीतला सर्वांत तगडा पोरगा सर्वांत लहान पोराशी कसा खेळतो? तो त्याला आपटीत असेल तर परत फिरावे. तो खालून हात देऊन, सावरून, हळूच मातीवर ठेवीत असेल, तर तेथे मूल निर्धास्त सोडावे. जोर कसा वापरावा यापेक्षा तो कसा आवरावा, हे ज्या तालमीत शिकवितात, तीच खरी तालीम.

आपल्या भागात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला किंवा लातूरला सिद्धेश्वराच्या यात्रेला आपण कुस्त्या पाहायला जातो, हलगी वाजू लागली की आपले हात शिवशिवतात. आपण जिंकणाऱ्यावर फेटे उडवितो. परंतु त्या फडात जिंकणारे दोन-चार, आणि पहिल्या दिवशी हसण्यामुळे घरी बसलेले किती, याची गणती कुणी ठेवलेली नाही. त्यांतला एक आज आपल्यापुढे उभा आहे. ते हसू थांबविणे हे वस्तादांच्या हाती आहे, थोरल्या मुलांच्या हाती आहे, आणि आपल्यासारख्या पाहणाऱ्यांच्याही हाती आहे.

माझी नात गेली. मी तिच्याबरोबर गेलो आणि कोपऱ्यात बसून राहिलो. तिने वीस बैठका मारल्या, आठ वेळा पडली. परत येताना मी विचारले, "कसं वाटलं?" ती म्हणाली, "पाय दुखतायत. पण आजोबा, मला पाडणाऱ्या ताईनं प्रत्येक वेळी हात देऊन उठवलं." दुसऱ्या दिवशी तिने मला आठवण करून द्यायची वेळच येऊ दिली नाही, संध्याकाळी ती आपण होऊन पिशवी घेऊन दारात उभी होती.

पहिला दिवस चांगला गेला की नाही, हे ओळखण्याची यापेक्षा चांगली खूण मला ठाऊक नाही.